स्लॅग, राखड आणि मलबा : रस्त्याच्या कामाविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : नागपूरच्या बेसा भागातील आमच्या ले-आऊटमध्ये रस्त्याचे काम निघाले आहे. कंत्राटदार खालच्या थरात गिट्टीऐवजी पोलाद कारखान्यातील स्लॅग (भट्टीतून निघणारी धातुमळी) घालू म्हणतो आणि दरही कमी सांगतो. होकार द्यावा का?

उत्तर : आधी हा स्लॅग कोणत्या भट्टीतला आहे, हे लेखी घ्यावे, कारण ‘स्लॅग’ या एकाच नावाने निरनिराळा माल विकला जातो. झोतभट्टीत लोखंड तयार होताना निघणाऱ्या स्लॅगमधला चुना सिलिकाशी बांधला गेलेला असतो, त्यामुळे सावकाश थंड झालेला असा खडा बराच स्थिर असतो. लोखंडाचे पोलाद करताना निघणाऱ्या स्लॅगमध्ये मात्र थोडा चुना मोकळा राहतो. त्याला पाणी लागले की तो विरतो आणि त्याचे आकारमान जवळजवळ दुपटीने वाढते. वर फरसबंदी असेल तर तिचे ठोकळे उचलले जातात, डांबर असेल तर फुगवटे येऊन भेगा पडतात. ताज्या ढिगातले काही खडे फोडून पाहावेत. आत पांढरे ठिपके दिसले, तर तो माल अजून मुरलेला नाही असे समजावे.

म्हणून असा स्लॅग महिनोन्‌महिने उघड्यावर पाणी मारून मुरवावा लागतो, चुंबकाने त्यातले लोखंड काढावे लागते आणि प्रयोगशाळेत त्याची प्रसरण चाचणी घ्यावी लागते. ही काळजी घेतल्यास तो गिट्टीला तोडीस तोड ठरतो. सुरतजवळ हजिरा येथे 2022 मध्ये सुमारे 1 लाख टन प्रक्रिया केलेला पोलादी स्लॅग वापरून सहा पदरी रस्ता बांधण्यात आला. दराबाबतही सावध राहावे. आपल्याकडच्या काळ्या दगडाचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतला जडपणा, साधारण 2.8 ते 2.9 असते, तर या स्लॅगचे 3.2 ते 3.6 असते; तेव्हा टनावर स्वस्त वाटणारा माल ब्रासच्या, म्हणजे घनफळाच्या, हिशेबात महाग पडू शकतो. चाचणीचा अहवाल मिळेपर्यंत होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : अशा रस्त्यालगतच्या विहिरीचे पाणी बिघडेल का?

उत्तर : डांबरात बांधला गेलेला खडा फारसा झिरपत नाही. प्रश्न खालच्या मोकळ्या थराचा आहे. त्यातून येणारे पाणी अल्कधर्मी असते आणि काही स्लॅगमध्ये क्रोमियम व व्हॅनेडियमही आढळते. म्हणून निक्षालन चाचणी, म्हणजे मालातून पाण्यात काय उतरते याची तपासणी, आवश्यक आहे, आणि पावसाळ्यात जिथे भूजल रस्त्याच्या पायापर्यंत चढते तिथे चाचणी चांगली आली तरी हा माल टाळावा.

प्रश्न : कोराडी, खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांतली राखड (कोळशाची राख) गिट्टीच्या जागी चालते का?

उत्तर : नाही. राखड ही भुकटी आहे. ती गिट्टीसारखा भार एका खड्यावरून दुसऱ्या खड्यावर देऊ शकत नाही. तिची खरी जागा भरावात आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तर राखड फुगत नाही आणि वजनाला हलकी असल्याने खालच्या जमिनीवर ओझेही कमी टाकते. मात्र उघडी राहिल्यास पावसाबरोबर वाहून जाते, म्हणून भरावाच्या दोन्ही बाजूंना मातीचे जाड आवरण हवे आणि प्रत्येक थर योग्य ओलाव्यावर रोलरने दाबलेला हवा. 31 डिसेंबर 2021 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार औष्णिक केंद्रापासून 300 किलोमीटरच्या आतील रस्तेकामांत राख वापरणे बंधनकारक आहे, पण ती त्या औष्णिक केंद्राने वाहतूक खर्चासह विनामूल्य पोहोचवायची असते. ही तरतूद छोट्या कंत्राटदारांनी नीट वाचावी. ट्रकवर ताडपत्री आणि राखडीत ओलावा नसेल तर वाटेतल्या वस्त्यांना विनाकारण त्रास होतो, तो तर कुठल्याही सबबीवर खपवून घेऊ नये.

प्रश्न : जुने घर पाडल्यावर निघालेला मलबा रस्त्यात घालता येईल का?

उत्तर : काँक्रीट वेगळे काढून, क्रशरमध्ये फोडून व चाळून घेतल्यास खालच्या थरांत अवश्य घालता येईल, आयएस 383:2016 या खडीविषयीच्या भारतीय मानकानेही पुनर्वापराच्या खडीला काँक्रीटमध्ये मर्यादित प्रमाणात मान्यता दिली आहे. डांबरी थरातील खडीने मात्र 2 टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये असा नियम आहे आणि जुना सिमेंट चिकटलेला खडा सहसा तो पाळत नाही. विटा, प्लास्टर आणि लाकूड मिसळलेला मलबा जसाच्या तसा रस्त्यात ओतू देऊ नये.