पत्रिकेत गणित असतं, मग ज्योतिषाला विज्ञान का म्हणत नाहीत?

तुम्ही विचारलंय की पत्रिका मांडायला एवढं काटेकोर गणित लागतं, ग्रहणाची वेळही पंचांगात अचूक असते, तरी फलज्योतिषाला विज्ञान का मानत नाहीत?

मी पत्रिका मांडायला शिकलो आहे. लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास), नवमांश (राशीचे नऊ भाग), विंशोत्तरी दशा (आयुष्यातले ग्रहांचे ठरलेले कालखंड) हाताने काढल्या आहेत. ते गणित खरं आहे, पण ते खगोलाचं. शनी सप्तमात, म्हणजे पत्रिकेच्या सातव्या, विवाहाच्या घरात आहे इथपर्यंत गणित पुरतं. 'म्हणून विवाहाला उशीर होईल' हे त्या आकडेमोडीतून निघत नाही. तिथे निरीक्षणाचा पुरावा हवा.

आपल्याकडे 'शास्त्र' या शब्दाने घोळ वाढतो. नाट्यशास्त्र म्हणतो त्या अर्थाने, म्हणजे नियमांची नीट लावलेली मांडणी म्हणून, ज्योतिषही शास्त्र आहे. विज्ञान म्हटलं की ते नियम तपासून बघावे लागतात.

आणि तपासलेही गेलेत. 2008 साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी 200 मुलांच्या पत्रिका घेतल्या, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 दिल्या आणि कोणती कोणत्या गटातली, एवढंच विचारलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी 46 टक्के. नाणं उडवून 50 च्या आसपास येतात! प्रश्न मुद्दाम अवघड केलेला नव्हता; बुद्धीचा विचार पत्रिकेवरून करतातच.

मला याहून जास्त खटकतं ते राशींचं. 5 एप्रिलला जन्मलेल्याचा सूर्य पाश्चात्त्य पद्धतीत मेषेत, आपल्या निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने राशी मोजणाऱ्या) पद्धतीत मीनेत. दोन्हींत सुमारे 24 अंशांचा फरक, तरी दोन्हीकडचे लोक 'अगदी तंतोतंत जुळलं' म्हणतात. इतकी वर्षं झाली, पण कोणती पद्धत चूक हे या विषयाने चाचणी घेऊन अजून ठरवलेलं नाही.

'हवामानाचे अंदाजही चुकतात' हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. चुकतात, पण किती चुकले याची नोंद ठेवली जाते आणि त्यावरून प्रारूपं बदलतात. फसलेल्या भाकितामुळे ग्रंथातला एखादा नियम काढून टाकल्याचं मी शिकताना कधी ऐकलं नाही. जन्मवेळच चुकली असेल, असंच उत्तर मिळायचं.

उद्या अशाच चाचणीत 200 पैकी 140 पत्रिका बरोबर ओळखल्या गेल्या, आणि दुसऱ्यांनी पुन्हा करूनही तेच आलं, तर मी हे उत्तर बदलेन.