फार्मसी महाविद्यालय निवडताना

प्रवेशफेरीचे पर्याय भरण्यापूर्वी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता तपासा, कारण तिच्याविना फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. औषधदुकानच चालवायचे असेल, तर दोन वर्षांची डी.फार्म. ही पदविका आणि 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण हा जवळचा मार्ग आहे. रुग्णालयात डॉक्टरांबरोबर औषधोपचारावर काम करण्याची ओढ असेल, तर सहा वर्षांच्या फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रमाचा विचार करा. मात्र संलग्न रुग्णालय किमान 300 खाटांचे आहे का, आणि विद्यार्थी वॉर्डात खरोखर रोज जातात की केवळ कागदोपत्री, हे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाच विचारा, कारण माझ्या मते या अभ्यासक्रमाचा सारा कस तेथेच लागतो. संशोधनाची आवड असल्यास चार वर्षांच्या बी.फार्म. या पदवीसाठी चालू स्थितीतील प्रयोगशाळा आणि जीपॅटची (फार्मसीच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची) तयारी करून घेणारे प्राध्यापक पाहा.