आठवीतल्या मुलीला मीटर-सेंटीमीटरचं रूपांतर जमत नाही. दशांशचिन्ह सरकवायची सोपी युक्ती आहे का?

ताई, युक्ती आहे, पण मी ती सांगणार नाही. चिन्ह किती घरं सरकवायचं एवढंच पाठ केलेली मुलं क्षेत्रफळ आलं की हमखास चुकतात. मीटरचे सेंटीमीटर करताना शंभरने गुणायचं, म्हणून चौरस मीटरलाही शंभरनेच गुणतात. तिथे 10,000 लागतात, घनमीटरला 10,00,000. मुलीला प्रत्येक पायरीत आकड्यासोबत एकक लिहायला लावा. मीटरला मीटर कापला गेला की उत्तर कशात आलं ते तिचं तिलाच दिसेल.

आता माझं ऐका. बारावीच्या प्रॅक्टिकलला व्हर्नियर कॅलिपरने धातूच्या दंडगोलाचा व्यास मोजायचा होता. लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारं सगळ्यात लहान माप, 0.01 सेंमी. मुख्य पट्टीवर 4.2 आणि व्हर्नियरचं, म्हणजे सरकत्या पट्टीचं, शून्य त्या रेघेशी अगदी तंतोतंत जुळलेलं. मी तीनदा पाहून 4.20 लिहिलं. सरांनी लाल पेनाने शेवटचं शून्य खोडलं. म्हणाले, दशांशानंतरच्या शेवटच्या शून्याला किंमत नसते. मी म्हटलं, सर, हे शून्य मी मोजलंय. वर्गासमोर बोलणी बसली आणि मार्कही गेला. घरी दादा म्हणाला, एका मार्कासाठी काय रडतेस!

मार्कासाठी नव्हतेच रडत. 4.2 लिहिलं तर खरं माप 4.15 ते 4.25 च्या मधे कुठेही असू शकतं. 4.20 लिहिलं तर 4.195 ते 4.205. दहापट बारीक मोजलेलं काम त्यांनी एका रेघेत पुसलं.

आज मी हिंगणा एमआयडीसीत क्वालिटीत आहे, चौदा वर्षं झाली. दिवसभर हातात मायक्रोमीटर, म्हणजे व्हर्नियरपेक्षाही बारीक मोजणारं साधन. लांबीची मापं जगभर 20 अंश सेल्सिअसला धरतात, म्हणून आमची तपासणीची खोली तेवढीच थंड ठेवतो. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना तिथली मीटरभर लांब स्टीलची सळई 20 अंशांच्या मानाने जवळपास 0.3 मिमी वाढलेली असते. शेवटच्या शून्याला किंमत नाही म्हणणाऱ्याला हे 0.3 मिमी कधी दिसणारच नाहीत.

म्हणून रूपांतरातही हेच शिकवा: 4.20 सेंमी म्हणजे 42.0 मिमी, म्हणजेच 0.0420 मी. तिन्हीकडे खात्रीचे अंक तीनच. एकक बदललं म्हणून माप जास्त बारीक होत नाही आणि कमीही होत नाही.

हां, गणिताच्या पुस्तकातल्या उदाहरणात कुणी काही मोजलेलंच नसतं. तिथे 4.2 आणि 4.20 एकच, त्यावरून बाईंशी वाद घालायला लावू नका. पण प्रयोगवहीतलं शून्य कुणी खोडलं, तर तुम्ही स्वतः शाळेत जा. माझ्या घरून कुणी गेलं नव्हतं.