आईची बालवाडी पुस्तिकेत कशी आणू?

प्रश्न : ताई नमस्कार, माझी आई गेल्या वर्षी गेली. लालबागला आमच्या चाळीत तळमजल्याच्या खोलीत तिने कितीतरी वर्षं बालवाडी चालवली, आधी गिरणी कामगारांची पोरं, मग त्या पोरांची पोरं, सगळे तिला बाईच म्हणायचे. आता वर्षश्राद्धाला एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलंय पण लिहायला बसलं की प्रेमळ, कष्टाळू, हसतमुख एवढंच सुचतं, हे तर कोणाच्याही आईबद्दल लिहिता येईल. त्यात भाऊ म्हणतो बालवाडीचं इतकं नको, ती आधी आपली आई होती. खरं सांगायचं तर लहानपणी आम्हा दोघांनाही वाटायचं की ती आमच्यापेक्षा त्या पोरांचीच जास्त आहे. हे लिहावं का? आणि तिच्या लाकडी पेट्या, मणी, चित्रांची कार्डं घरात पडून आहेत, चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीये, त्यांचं काय करू?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमचं पत्र वाचून खूप वेळ तुमच्या आईचाच विचार करत होते. प्रेमळ हा शब्द खरा आहे हो, पण त्यातून बाई डोळ्यासमोर येत नाहीत. त्या रोज काय करायच्या ते लिहा.

बालवाडीचं काम बाहेरून बघणाऱ्याला गाणी आणि खाऊ एवढंच वाटतं, म्हणून ते कोणी नीट लिहून ठेवत नाही आणि बाई गेल्या की तेही त्यांच्याबरोबर जातं. साधं एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतायचं घ्या. साडेतीन वर्षांचं मूल जीभ बाहेर काढून, श्वास रोखून ओततंय आणि बाई शेजारी बसून नुसत्या बघतायत, पेला कलंडायला आला तरी हात पुढे करत नाहीत, सांडलं तर ओरडत नाहीत, फडकं कुठे असतं ते मुलाला माहीत असतं, ते स्वतः जाऊन आणतं आणि पुसतं. त्यात मनगट वळायला लागतं, हात आणि नजर जुळते, पुढे पेन्सिल धरायची ती याच मनगटाने. बाजूला वीस पोरं गलका करतायत आणि आपण हात आवरून बसायचं, हे अजिबात सोपं नाहीये, ज्याने केलंय त्यालाच कळतं. तुमच्या आईच्या खोलीत कदाचित पाण्याऐवजी चिंचोके निवडणं असेल किंवा मणी ओवणं, जे असेल ते इतक्या जवळून लिहा.

आठवणी मागवताना "बाई कशा होत्या" असं विचारू नका, सगळे खूप छान म्हणतील आणि संपलं. पहिल्या दिवशी कोणी आणून सोडलं, रडलात तेव्हा बाईंनी काय केलं, डब्यात काय असायचं, असं विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट मागवा, लिहायला सांगितलं की माणसं एकदम भाषणात शिरतात. बाईंच्या हाताखाली कोणी मावशी असतील तर त्यांना आधी भेटा, मुलांपेक्षा त्यांनी जास्त पाहिलेलं असतं. आणि बडबडगीतं नुसती छापू नका, कोणत्या ओळीला टाळी आणि कोणत्या ओळीला उडी तेही लिहा.

एक पान बालशिक्षणाच्या मागच्या इतिहासाला जरूर द्या, कारण तुमच्या आईसारख्या बाई एकट्या नव्हत्या. गुजरातमधले शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर काढलं, आपल्या मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करायला गेल्या, 1926 ला बालशिक्षणाचं काम करणारी नूतन बाल शिक्षण संघ ही संस्था झाली. पुढे ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ डहाणूजवळच्या बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी झटल्या, मुलं शाळेत येईनात तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली आणि अंगणवाड्या देशभर गेल्या, ताराबाई त्याआधीच 1973 मध्ये गेल्या होत्या. गिरणगावात एखादं पोर आलं नाही म्हणून त्याच्या दारात जाऊन उभी राहणारी बाई याच वाटेवरची. तुमची आई अशी जायची का, ते शेजाऱ्यांना विचारून बघा.

आता भावाचं. त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं आणि तुमचंही पटतं, म्हणून त्यांची पानं त्यांनाच लिहू द्या, तुम्ही दुरुस्त करत बसू नका. रविवारी आई घरात कशी असायची, काय रांधायची, कशावरून चिडायची, तापात रात्रभर कशी बसायची, हे बालवाडीतल्या कोणालाच माहीत नाही, ते फक्त तुम्हा दोघांकडे आहे. आणि ती त्या पोरांची जास्त वाटायची हे जरूर लिहा. त्याने आईला कमीपणा येत नाही. दिवसभर दुसऱ्यांची मुलं सांभाळून घरी आलेल्या बाईच्या अंगात किती त्राण उरत असेल, हे तुम्हाला आज कळतंय, तेव्हा कळायचं वय नव्हतं, दोन्ही शेजारी शेजारी येऊ द्या. तिने तुम्हालाही त्याच खोलीत बसवलं असेल तर तिथे तिला आई म्हणायचात की बाई, हेही सांगा.

पेट्या आणि कार्डं शोकेसमध्ये ठेवू नका, आईला ते आवडलं नसतं असं मला वाटतं. आधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, शक्यतो एखादं मूल ती हाताळत असताना, आणि आई ती कशी वापरायची ते फोटोखाली लिहा. मग चालू असलेल्या एखाद्या बालवाडीला द्या, रंगाचे पोपडे निघाले असतील किंवा लाकडाची कुसळं निघत असतील ते काढून टाका, बारीक मणी तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत असं सांगून द्या. हाताने काढलेलं एखादं कार्ड मात्र भावासाठी आणि एक तुमच्यासाठी ठेवा.

जुन्या ग्रुप फोटोत आता मोठी झालेली माणसं असतात, छापण्याआधी त्यांना विचारा. पानं चारच्या पटीत ठेवा म्हणजे पिन मारून बांधता येतील, आणि मजकूर वर्षश्राद्धाच्या निदान महिनाभर आधी छापायला द्या, मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं, भावालाही वाचायला लागतील. छापून झाली की एक प्रत मला पाठवाल ना?