शाळेचा जुना पियानो: दुरुस्त करू की बदलू?

प्रश्न: वाशीत आमच्या शाळेत दोन जुने अपराइट, म्हणजे उभ्या पेटीचे, पियानो आहेत. पावसाळ्यात पट्ट्या दाबल्या की वर येतच नाहीत, सूर तर महिन्याभरात उतरतो. ट्रस्टी म्हणतात भंगारात काढा आणि कीबोर्ड आणा. काय करू?

उत्तर: अहो ताई, पट्ट्या अडकतात म्हणजे पियानो गेला असं नाही, खाडीकाठची दमट हवा आहे, लाकूड आणि फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) फुगतं, ते कारागीर मोकळं करून देतो. पट्टी दाबली की तारेवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या फेल्टवर तारांच्या खाचा पडल्यात का बघा, तेही घासता किंवा बदलता येतं. खरी गोम तारा ताणून धरणाऱ्या खुंट्यांत असते. पियानोत २०० च्या वर तारा असतात, सगळ्यांचा मिळून ताण १५-२० टन, तो सगळा लोखंडी फ्रेमवर आणि खुंट्या ज्या लाकडात ठोकलेल्या असतात त्याच्यावर. खुंट्या सैल असतील तर जाड खुंट्या घालून बघतात, पण ते लाकूडच चिरलं असेल तर खर्च फार वाढतो, आणि फ्रेमला तडा गेला असेल तर मी तरी हात जोडेन.

म्हणून आधी दोन्हींचं वेगवेगळं लेखी एस्टिमेट घ्या. कधीकधी एकाचे पार्ट काढून दुसरा उभा राहतो. कीबोर्डला ट्यूनिंग लागत नाही, हेडफोन लावून पोरं सराव करतात, मान्य, पण घ्यायचाच तर ८८ वजनदार (पियानोसारख्या जड दाबाच्या) पट्ट्यांचा घ्या, खेळण्यातला नको. आणि हो, पियानो खिडकीला टेकवून ठेवलाय का? तिथे दमट हवा थेट लागते, आजच हलवा.