थंडीत दोन वर्षांच्या मुलाला रोज अंघोळ घालावी का?

रोज घालायलाच हवी असं काही नाही. आम्ही निफाडकडचे. इथे डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी ५ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा आमच्याकडे एक दिवसाआड अंघोळ आणि मधल्या दिवशी कोमट पाण्याने अंग पुसणं. सासूबाईंना आधी हे पटलं नाही, आता त्याच म्हणतात, "आज राहू दे गं!"

वेळ मात्र बदला. सकाळी सातला कशाला? अकरा-साडेअकराला ऊन वर आल्यावर घाला. पाणी कोपराने बघा, हाताला गरमाचा अंदाज नीट येत नाही. पाच-सात मिनिटांत आटपा. फार गरम पाण्याने आणि डाळीचं पीठ चोळचोळून लावल्याने त्वचा आणखी कोरडी पडते. अंग टिपून घेतल्यावर ते जरा ओलसर असतानाच खोबरेल लावा, ओल आत टिकते. कानात-नाकात तेल घालू नका, आजी कितीही आग्रह करोत.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. बाळाला शेकायला म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच घात होतो. त्यापेक्षा एका जाड स्वेटरऐवजी दोन-तीन पातळ सुती कपडे एकावर एक घाला. मूल खेळून घामाघूम झालं की एक काढता येतो. टोपी मात्र आमच्याकडे दोन मिनिटांच्या वर डोक्यावर राहत नाही, त्यावर उपाय सापडला तर मलाही कळवा.