आधी गाणं, मग घोडे

धुळे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझी संहिता दोनदा वाचली. भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक यांच्यावर गाण्यांचा सिनेमा करायचं तू मनावर घेतलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. सेंधव्याच्या घाटात इंग्रजांसाठी पहारा दिलेला माणूस १८५७ मध्ये त्यांच्याच विरुद्ध उठतो आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये आंबापाणीची लढाई होते. गोष्टीला एवढं पुरे आहे. पण तुझा निम्मा खर्च त्या लढाईच्या घोड्यांवर आणि गर्दीवर जातोय. ते काढून टाक. लढाई दाखवू नकोस, ऐकव. शेकोटीभोवती बसलेल्या बाया, डोंगराआडून येणारे बार, आणि मध्येच तुटलेलं गाणं. वाचलेला पैसा आवाजावर घाल.

हे मी अनुभवानं सांगतोय. पूर्वी एका कामासाठी जात्यावरची ओवी हवी होती. गावातल्या एका आजींना आम्ही स्टुडिओत नेलं, कानाला हेडफोन लावला, त्यात टकटक ताल सोडला. आजी गायल्या, सूरही बरोबर होता, पण ओवी मेलेली. मी विचारलं तर म्हणाल्या, "जातं थांबनं का गानं थांबस." दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओसरीत माइक लावला. खुंटा अंगाकडे येताना आवाज दाटायचा, दूर जाताना मोकळा व्हायचा, आणि मूठभर दाणे टाकायला हात उचलला की ओळ थोडी थांबायची. ताल त्या दगडाच्या वजनात होता. म्हणून अशी गाणी जागेवरच, सलग, दोन कॅमेरे लावून घे. नाचाच्या गाण्याचा मात्र एक टेक आधी पक्का कर आणि सेटवर तोच वाजव, नाहीतर संकलनात ओठ जुळवताना रडशील.

भिल्ल पात्रांच्या तोंडी अहिराणी घालू नकोस. आपल्याला ती सोयीची, पण त्यांची बोली वेगळी आहे. सातपुड्यातल्या जाणत्या माणसाला लिहितानाच सोबत बसव, आणि त्याचं नाव श्रेयनामावलीत मोठं दे. गाणाऱ्यांशी लेखी करार कर. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा चित्रपटगृहाबाहेरच्या वापराचा रॉयल्टीचा हक्क करारानंही काढून घेता येत नाही. लोकगीत कुणाचंच नाही असं म्हणून म्हातारीला साडीचोळीवर बोळवणारे मी पाहिलेत. तू तसं करू नकोस.

जागा बघताना डोळ्याआधी कान वापर. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फ्रेममध्ये येतील, रावेर-यावलला ठिबकच्या नळ्या. त्या कॅमेरा फिरवून टाळता येतात, पण मोटारपंपाची घरघर टाळता येत नाही. पहाटे चार ते सात आवाज घे. एखादा बैल जरी चित्रात येणार असेल तरी पशुकल्याण मंडळाची परवानगी शूटिंगआधीच काढ, नाहीतर सेन्सॉरला अडकशील.

आता प्रदर्शन. पुण्या-मुंबईत चार स्क्रीन मिळवण्यासाठी जीव काढू नकोस. श्रावणात आपली खानदेशची देवी कानबाई बसते, तेव्हा सुरतेला गेलेली आपली माणसं तिच्या प्रसादाच्या रोटांसाठी घरी येतात. त्या आठवड्यात शिरपूर, शहादा, अमळनेर, चोपडा इथे लाव. माणसं परत गेली की त्यांच्या मागोमाग सुरतेत उधना-लिंबायतला खेळ घे. पोस्टरपेक्षा एक गाणं महिनाभर आधी मोबाइलवर सोड, तेही पूर्ण. तुकडा सोडलास तर बाया ते पाठ कसं करणार?

आणि प्रत्येक टॉकीजमध्ये आदल्या रात्री स्वतः जाऊन एक रीळभर तरी ऐक. संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. एका तालुक्याच्या गावी तो बंद होता, आणि आमचा अख्खा खेळ लोकांनी नुसत्या ढोलांवर पाहिला. लोक उठून गेले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. तरी ती रात्र मला अजून सलते.

पहिल्या गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग झालं की पाठव, साफ न करता.

तुझा,
काका